ड्रू लॉकहेडचा विश्वासघात

शनिवार, ३ डिसेंबर १९९४. संध्याकाळ.

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, बायकोला, सेंगाला, तर नाहीच. मोठ्या फुटबॉल मॅनेजर लोकांना म्हातारपणी सगळं बारीकसारीक आठवतं ते उगाच नाही. त्यांनी वेळच्या वेळी लिहून ठेवलेलं असतं.

आज स्टेनहॉलविरुद्ध ०-३. घरच्या मैदानावर. तीनही गोल ऑफसाइड होते. म्हणजे तत्त्वतः सामना ०-० सुटला. तक्त्यात मात्र आपण शेवटून दुसरे. तक्ता तत्त्व बघत नाही.

माझी पद्धत अचूक आहे. समोरचा चेंडू मारायच्या बेतात असला की मी शिट्टी वाजवतो. आपल्या चौघा डिफेंडरांनी एका ओळीत झपकन पुढे यायचं आणि हात वर करायचा. त्यांचा गडी मागे एकटा उरतो, लाइन्समन झेंडा उचलतो, खेळ खलास. मी सोळा वर्षं याच कर्कबर्न रोव्हर्सकडून खेळताना हेच केलं. पळणं मला कधी जमलं नाही, पण हात असा काही वर करायचो की लाइन्समनला स्वतःच्या डोळ्यांची शंका यायची. हल्लीची पोरं हात वर करतात ते वर्गात लघवीला जायची परवानगी मागितल्यासारखं.

ड्रू लॉकहेड माझा असिस्टंट. तेव्हा बचावात माझ्या शेजारी तोच असायचा. मी हात वर करायचो आणि तो चेंडूमागे धावायचा. आज सामना संपल्यावर सगळ्या पोरांसमोर मला म्हणाला, अरे हेक्टर, यांचे पाय जड आहेत रे, थोडं मागे राहून खेळवूया का? सगळ्यांसमोर! मी शिट्टी खिशात ठेवली. पण मनात कुठेतरी टोचलं.

सोमवार, ५ डिसेंबर

सराव. हात वर करण्याचा वेगळा तास घेतला. आरशासमोर. कॅप्टन स्ट्रुअन म्हणाला, बॉस, आज चेंडू मिळेल का? त्याला मैदानाला दोन चकरा मारायला लावल्या.

ड्रूचा राग धरायचा नाही असं ठरवलं. मी मॅनेजर झालो त्या दिवशी पबमध्ये त्याने छातीवर हात ठेवून शब्द दिला होता: हेक, आलो बरोबर, जाऊ बरोबर. आमच्या धंद्यात रीतच आहे ती. बॉसला काढलं की त्याच्या असिस्टंटनेही खुंटीवरचा कोट काढायचा. मागे राहून खुर्चीत बसतो त्याच्याशी गावात कुणी बोलत नाही. पोर्टबर्नीत एकजण बसला होता. त्याला शेवटी न्हावीसुद्धा बदलावा लागला.

मंगळवार, १३ डिसेंबर

पेपरात छापून आलंय: मॅनेजर हेक्टर गेडिस यांना चेअरमनचा पूर्ण पाठिंबा.

सेंगा वाचून म्हणाली, अगं बाई, इतक्यात? मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणाली, काही नाही, तुझा काळा सूट धुवायला टाकते. ती दुसऱ्या क्लबांचं बोलत होती. तिथे असा पाठिंबा जाहीर झाला की आठवड्यात माणूस घरी बसतो, हे मलाही ठाऊक आहे. पण आमचे चेअरमन मिस्टर मॅकॉर्कोडेल खाटीक आहेत. मैदानावर मध्यंतराला विकली जाते ती मटण भरलेली पाई त्यांच्याच दुकानातली. खाटीक माणूस जे असेल ते तोंडावर बोलतो.

कात्रण काढून ठेवलं.

शुक्रवार, १६ डिसेंबर. संध्याकाळी ६.

उद्या सामना. तिघे जायबंदी, एकाला गालगुंड. रेडिओवर म्हणाले रात्री कडाक्याची थंडी. मला कल्पना सुचली. आत्ता नळी लावून मैदानावर पाणी सोडायचं. सकाळपर्यंत बर्फ. रेफरी बूट आपटून बघेल, सामना पुढे ढकलेल, तोवर पोरं बरी होतील. स्कॉटलंडच्या प्रत्येक मॅनेजरने हे कधी ना कधी केलेलं आहे, कबूल कुणी करत नाही.

ड्रू म्हणाला, नको हेक, नळी त्या टोकापर्यंत पोचत नाही. मी म्हणालो, तुझ्यात हिंमतच नाही. पाणी सोडलं.

शनिवार, १७ डिसेंबर

नळी त्या टोकापर्यंत पोचली नाही. एका गोलसमोर बर्फाची काच, बाकी मैदान हिरवंगार. आणि अकरा वाजता या देशात डिसेंबरात कधी पडत नाही तसं ऊन पडलं. रेफरी म्हणाला, खेळा. नाणेफेक हरलो. पहिला अर्धा वेळ आमचा गोलकीपर काचेवर. ०-५.

पण खरा घाव पुढेच आहे. रेफरीने डोळे वटारून विचारलं, हे पाणी कुणी सोडलं? मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात ड्रू पुढे झाला आणि म्हणाला, मी सोडलं, साहेब, नळ बंद करायला विसरलो, चूक माझी. चेअरमननी त्याला सगळ्यांदेखत झापलं.

माझी युक्ती याने स्वतःच्या नावावर खपवली! काल नको नको म्हणत होता. वीस वर्षांची मैत्री, आणि हा माणूस.

शनिवार, २४ डिसेंबर

१-१! परगावी! या मोसमातला परगावचा पहिला गुण!

माझ्या पद्धतीचं फळ. मी प्रत्यक्ष शेवटपर्यंत नव्हतो. लाइन्समनला त्याच्या आईच्या चष्म्याबद्दल काहीतरी विचारलं म्हणून रेफरीने मला मध्यंतराआधीच स्टँडमध्ये पाठवलं. तेव्हा ०-१. उरलेला वेळ ड्रूने सांभाळला. पोरं मागे राहून खेळली, हात कुणी वर केला नाही. मी त्यांच्यात रुजवलेली शिस्त इतकी खोल गेलीय की आता हात वर करायचीही गरज पडत नाही.

एकच गोष्ट खुपली. आपले लोक ड्रूच्या नावाने गात होते. तो मान खाली घालून उभा. मला तो साधेपणा आता साधा वाटत नाही.

बुधवार, २८ डिसेंबर

ड्रू आणि चेअरमन मैदानाच्या फाटकाशी बोलत होते. मी जवळ गेलो तर गप्प. ड्रूने मला विचारलं, झोप लागते का रे तुला? मी म्हणालो, उत्तम. झोपेची चौकशी कशाला?

रविवार, १ जानेवारी १९९५

लिहायला हात होत नाही. पण लिहितो.

आमच्याकडे नवीन वर्ष लागलं की उंबरठ्यावर पहिलं पाऊल कुणाचं पडतं त्यावर वर्ष ठरतं. माणूस उंच हवा, काळ्या केसांचा हवा आणि हातात कोळसा हवा. तांबड्या केसांचा आला तर वर्ष संपलंच म्हणायचं. ड्रू उंच आहे, त्याचे केस अजून डांबरासारखे आहेत. मी लग्न केल्यापासून आमच्या घरात वर्षाचं पहिलं पाऊल त्याचं. बाराचे ठोके पडायचे आणि दार वाजायचं. एका वर्षी कमरेपर्यंत बर्फ होता, तरी आला. आत आला की कोळसा शेगडीत टाकायचा, सेंगाच्या गालाचा मुका घ्यायचा आणि म्हणायचा, तुमची चूल जळत राहो.

काल बारा वाजले. व्हिस्कीचे तीन पेले मांडलेले. सेंगाने काळा केक कापून ठेवलेला. ड्रू नाही. साडेबारा. नाही. शेवटी दार वाजलं. मी धावत जाऊन उघडलं. शेजारचा टोश. गाजरासारखा तांबडा. बाटली उघडायचा स्क्रू मागायला आला होता. मी नको नको म्हणेपर्यंत त्याचा पाय आत.

नंतर खूप उशिरा पुन्हा दार वाजलं. दिवे मालवून बसलो होतो, उघडलं नाही. सेंगा म्हणाली, ड्रूच असेल, ऊठ. मी म्हणालो, आता काय उपयोग?

आज दुपारी स्ट्रुअन भेटला. सहज म्हणाला, बॉस, रात्री ड्रूला बघितलं, बाराच्या ठोक्याला कोळसा घेऊन चेअरमनच्या घरात शिरत होता.

माझ्या घरचं पाऊल. माझ्या नशिबाचा कोळसा. आणि तो नेऊन ठेवला चेअरमनच्या शेगडीत! याचा अर्थ लहान पोरालाही कळेल. याला माझी खुर्ची हवी आहे. जेवण गेलं नाही. वडील गेले तेव्हाही मी जेवलो होतो.

सोमवार, २ जानेवारी

नववर्षाचा सामना, पोर्टबर्नी. ०-४. चारही ऑफसाइड. माझं लक्ष नव्हतं. ड्रू म्हणाला, हेक, परवा रात्री मी आलो होतो रे, तुझे दिवे बंद होते, जरा बोलायचंय तुझ्याशी. मी म्हणालो, बोल की, ज्याच्या घरी पहिला जातोस त्याच्याशी बोल. त्याचं तोंड उतरलं. चोराचं उतरतं तसंच.

बुधवार, ४ जानेवारी

चेअरमननी दुकानात बोलावलं. मागच्या खोलीत, टांगलेल्या मेंढ्यांमध्ये बसलो. म्हणाले, हे बघ हेक्टर, बोर्डाला काहीतरी बदल दिसायला हवा. चूक कुठे आहे, तूच सांग.

मी रात्रभर विचार करून गेलो होतो. म्हणालो, मिस्टर मॅकॉर्कोडेल, तुम्ही विचारताय म्हणून सांगतो, मनाला फार लागतंय सांगताना. बचाव आपला कच्चा आहे. आणि बचाव ड्रूकडे आहे.

ते म्हणाले, बचाव तर तू शिकवतोस ना? शिट्टी तुझ्या हातात असते.

मी म्हणालो, शिकवतो मी, बिघडवतो तो. आणि ते पाण्याचं प्रकरणही त्याचंच, तुमच्यासमोर कबूल केलंय त्याने.

त्यांनी सुरा पुसला. मग विचारलं, नक्की? ड्रूला काढू? मी म्हणालो, नक्की. पुन्हा विचारलं, नक्की ना? मी म्हणालो, क्लब आधी, मैत्री नंतर. तेव्हा म्हणाले, ठीक. शनिवारचा सामना तू सांभाळ, सोमवारी तुझं बघू.

माझं बघू! म्हणजे नवा करार. ड्रूला तुम्हीच सांगा, असं मी त्यांना बजावलं. मी सांगणं बरं दिसलं नसतं. काही झालं तरी मित्र आहे.

खंजीर पाठीत बसण्याआधी मी वळलो, एवढंच.

गुरुवार, ५ जानेवारी

ड्रूची खुंटी रिकामी. पोरं सरावात माझ्याकडे बघत नव्हती. दुःखात आहेत. माझ्यासाठी असणार.

सेंगाला रात्री जेवताना सांगितलं, मोठा निर्णय घेतला, क्लब वाचवला. तिने काटा खाली ठेवला. म्हणाली, तू ड्रूचं नाव दिलंस? मी म्हणालो, कोळसा विसरलीस का? ती उठून गेली. बटाटे तसेच.

शुक्रवार, ६ जानेवारी

ड्रूचा फोन. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. प्रत्येक वेळी सेंगाला सांगितलं, अंघोळीला गेलोय म्हण. तिसऱ्या वेळी ती फोन हातात धरूनच मोठ्याने म्हणाली, जानेवारीत दिवसाला तीन अंघोळी करणारा माणूस या घरात कधीपासून आला?

नंतर मला म्हणाली, मोरॅगशी बोलले मी. मोरॅग म्हणजे ड्रूची बायको. तर म्हणे ड्रू त्या रात्री चेअरमनकडे तुझ्यासाठी गेला होता. बोर्ड तुला दोन तारखेलाच काढणार होतं, म्हणून हा बाराच्या ठोक्याला गेला. त्या वेळी दारात आलेल्याला कुणी नाही म्हणत नाही, म्हणून मुद्दाम तेव्हा.

बायका बायकांचं ऐकतात. मी म्हणालो, पुरावा काय? ती म्हणाली, पुरावा? वीस वर्षं तुझ्या वाटची धाव धावलाय तो. फुटबॉलमधलं तिला काही कळत नाही.

झोप मात्र लागली नाही.

शनिवार, ७ जानेवारी

०-७.

मी शिट्टी वाजवली तेव्हा ओळीतला एकही जण पुढे आला नाही. स्ट्रुअन जागेवर उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी एकट्याने रेषेबाहेर हात वर केला. स्टँडमधून कुणीतरी ओरडलं, आता धावायला कोण आहे रे तुझ्या मागे?

सगळे फितूर. सोमवारी नवा करार झाला की पहिलं काम, कॅप्टन बदलणार.

सोमवार, ९ जानेवारी. दुपार.

दुकान. मागची खोली. बसायला सांगितलं नाही.

मिस्टर मॅकॉर्कोडेल म्हणाले, हेक्टर, तू गेलास. मला वाटलं, कुठे गेलो होतो ते विचारतायत. मग कळलं.

मी म्हणालो, तुम्ही पूर्ण पाठिंबा दिला होतात, छापून आलं होतं. ते म्हणाले, तो पेपरापुरता होता, बाबा. एकतीस तारखेच्या रात्री तुझा असिस्टंट माझ्या स्वयंपाकघरात उभा होता. म्हणाला, हेक्टरला मे महिन्यापर्यंत ठेवा, त्याला या क्लबशिवाय दुसरं काही नाही, कुणाला काढायचंच असेल तर मला काढा, मी कुणाला काही बोलणार नाही. माझी बायको रडली. मी विचार केला, ज्याच्यासाठी असा माणूस असं बोलतो त्याच्यात काहीतरी असेलच. त्याच्या शब्दावर तुला ठेवलं. आणि चार दिवसांनी तू इथे बसून मला त्याचंच नाव दिलंस. मी दोनदा विचारलं तुला. आता तुला ठेवायला माझ्याकडे कारण काय उरलं, सांग?

मी कोटाची बटणं लावली. लाज वाटली. फार वाटली. बाहेर आलो तेव्हा रस्त्यात टोश भेटला, त्यालाही शिव्या द्यायचं राहून गेलं.

एक मात्र म्हणायला हवं. हे सगळं ड्रूने मला आधी सांगायला काय हरकत होती? मित्रापासून अशी गोष्ट लपवतात का? हाही एक प्रकारचा विश्वासघातच झाला.

(वरच्या दोन ओळी सेंगाला दिसता कामा नयेत.)

मंगळवार, १० जानेवारी. रात्री ८.

ठरवलं होतं, सकाळी उठून ड्रूकडे जायचं. सगळं सांगायचं. माफी मागायची. सकाळी पाऊस होता. दुपारी गेलो असतो, पण जेवणाची वेळ. कुणाच्या जेवणाच्या वेळी जाऊ नये.

पाच वाजता दार वाजलं. ड्रू. भिजलेला. हातात टोपी.

मी दारात उभा. काही बोलायच्या आत त्याने मला मिठी मारली. एवढा मोठा माणूस, खांदे हलत होते. म्हणाला, रेडिओवर ऐकलं रे. म्हणाले, हेक्टर गेडिस यांनी क्लब सोडला. मोरॅगला मी आधीच सांगितलं होतं, तो माझ्याशिवाय तिथे राहणार नाही. ती म्हणत होती, मग गुरुवारीच का नाही गेला? मी म्हणालो, वेडी आहेस का, शनिवारचा सामना तोंडावर, पोरांना उघड्यावर टाकून जाणारा माणूस नाही तो, सामना संपवून मगच कोट काढेल. तसंच केलंस. असिस्टंट बॉसमागे जातो, हेक. असिस्टंटसाठी बॉस गेलेला मी तरी आजवर ऐकला नाही.

मी म्हणालो, ड्रू, ऐक. तो म्हणाला, काही बोलू नकोस, मला माहीत आहे तुला असलं बोलायला जमत नाही. तू फोन घेत नव्हतास तेव्हाच मी ओळखलं, याच्या मनात काहीतरी मोठं चाललंय.

मी पुन्हा तोंड उघडलं. उघडलं होतं, हे खरं आहे. पण त्याने डोळे पुसले आणि हसला, आणि मी म्हणालो, बस ना, ओला झालायस.

सेंगा स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने ड्रूला टॉवेल दिला. चहा दिला. एकच कप आणला होता.

ड्रू तासभर बसला. जाताना म्हणाला, पबमध्ये सगळ्यांना सांगितलंय मी, शुक्रवारी येच, कुणी तुला खिशात हात घालू देणार नाही.

तो गेल्यावर सेंगा म्हणाली, तू सांगतोस, का मी सांगू? मी म्हणालो, मीच सांगणार, उद्या, पहिली गोष्ट. ती म्हणाली, नको, राहू दे. त्याच्याकडे आता तेवढंच आहे.

उद्या नक्की सांगायचं. ठरलं.

बुधवार, ११ जानेवारी

मोरॅगने माझ्यासाठी मनुकांचं वाफवलेलं पुडिंग पाठवलं. गरम होतं. सेंगाने तोंडाला लावलं नाही. मी सगळं खाल्लं.